प्रौढ विशेष मुलांसाठी निवासी संस्था : काय बघायचं, काय विचारायचं, कुठे अडायचं

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलासाठी निवासी संस्था शोधायला बहुतेक घरं फार उशिरा निघतात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतं, वडील जातात, किंवा पंचविशीतला दणकट मुलगा एकट्या माणसाला आवरेनासा होतो. मग आठ दिवसांत जागा हवी असते, आणि आठ दिवसांत मिळते ती कुणाला नको म्हणून रिकामी राहिलेली जागा. बऱ्या संस्थेला प्रतीक्षायादी असते. म्हणून शोध मूल विशीत असताना आणि आईवडिलांचे हातपाय धड असताना सुरू करा. ठेवायचं की नाही हे नंतर ठरवता येतं.

हा लेख १८ वर्षांपुढच्यांसाठी आहे. अनुदानित निवासी विशेष शाळांचा आधार साधारण १८ व्या वर्षी सुटतो. पुढे हाताला काम देणारी कार्यशाळा मिळाली तरी ती दिवसाची. रात्रीचा प्रश्न उरतोच. पालकांनी एकत्र येऊन त्यावर काढलेला मार्ग म्हणजे बदलापूरची ‘आधार’ किंवा डोंबिवलीजवळचं ‘घरकुल’. जमलं तर अशा पालकांनी चालवलेल्या जागा आधी पाहून या. तिथे मूल ठेवायचं नसलं तरी बघायचं काय, हे डोळ्यांना कळतं.

कागद आधी

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे अशी संस्था चालवायला नोंदणी प्रमाणपत्र लागतं. संस्थेत पहिल्यांदा जाल तेव्हा ते मागा आणि तीन गोष्टी वाचा : मुदत कधी संपते, मंजूर संख्या किती, आणि नोंदणी नेमकी कशाची. धर्मादाय आयुक्तांकडची विश्वस्त संस्थेची नोंदणी वेगळी आणि निवासी गृह चालवण्याची नोंदणी वेगळी. भिंतीवर पहिली लावून दुसरीबद्दल ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं सांगणाऱ्या जागा पुष्कळ सापडतील. मंजूर संख्या ४० असताना गाद्या ५५ मोजल्या, तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

व्यसनमुक्ती केंद्र किंवा मानसिक आजाराच्या रुग्णांचं केंद्र ‘विशेष मुलंही घेतो’ म्हणत असेल तर नमस्कार करून निघा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने बौद्धिक अक्षमता मानसिक आजाराच्या व्याख्येतून स्पष्ट वगळली आहे. तिथली माणसं, तिथली औषधं, दाराला कुलूप लावायची तिथली सवय, सगळं वेगळ्या कामासाठी असतं.

नोंदणी असली म्हणजे निर्धास्त झालो, असंही नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळचं विंटरबॉर्न व्ह्यू हे खासगी रुग्णालय तिथल्या सरकारी नियामकाकडे रीतसर नोंदलेलं होतं. तरी २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणात कर्मचारी तिथल्या रहिवाशांना मारताना आणि छळताना दिसले. तपासनीस वर्षातून एखादा दिवस येतो. उरलेल्या दिवसांची खबर घरच्यांच्या ये-जा करण्यातूनच लागते.

तीन भेटी, तीन वेगळ्या वेळी

पहिली भेट वेळ ठरवून द्या. त्यात ऑफिस, ट्रॉफ्या, राख्या-पणत्यांचं कपाट आणि चहा. तेही बघा, पण निर्णय त्यावर घेऊ नका. दुसरी भेट न कळवता, संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान. दिवसपाळीच्या ताई गेलेल्या असतात, रात्रपाळीची मावशी नुकतीच आलेली असते आणि जेवणाची घाई असते. संस्थेचा खरा चेहरा या दोन तासांत दिसतो. तिसरी रविवारी सकाळी, आंघोळीच्या वेळी. न कळवता आत घेत नाहीत? ‘मुलं डिस्टर्ब होतात’ हे कारण अगदी खोटं नसतं, स्वमग्न व्यक्तीला अनोळखी माणूस खटकतो. पण मग बाहेरच्या खोलीत बसवून एखाद्या मावशीला भेटू देता येतंच. दारातूनच परत पाठवत असतील तर तेच उत्तर समजा.

आत गेल्यावर आधी नाक वापरा. लघवीचा वास एका कोपऱ्यात असेल तर कुणाचा तरी आत्ताच अपघात झालाय. सगळ्या मजल्यावर असेल तर गाद्या वाळत नाहीत. फिनेलचा उग्र दर्पही फार चांगला नाही. मग बाथरूम. संडासाला दार आहे का, आतून लावलेली कडी बाहेरून उघडता येते का, कमोडशेजारी दांडी आहे का, गीझरचं पाणी बादलीत मिसळून देतात की नळाला थेट उकळतं येतं. गरम पाण्याने भाजणं हा अशा गृहांतला नेहमीचा अपघात आहे, कारण ज्याला चटका बसतो तो ओरडेलच असं नाही.

टूथब्रशांचा डबा मागा. प्रत्येकावर नाव हवं, आणि तोंडाकडचे केस ओले किंवा निदान वापरलेले दिसायला हवेत. चाळीस कोरडे, कोरेकरकरीत ब्रश सगळं सांगून जातात. कपड्यांचंही तसंच. धुतलेले कपडे एकाच ढिगातून ज्याला जे बसेल ते घालत असतील, तर तुम्ही घेऊन दिलेला शर्ट तिसऱ्या महिन्यात दुसऱ्याच्या अंगावर दिसेल. शर्टाचं दुःख नाही. स्वतःचं असं काहीच नसलेला माणूस हळूहळू काही मागेनासा होतो.

जेवायला थांबा. माणसं बकाबका गिळतात की कुणी शेजारी बसून ‘हळू’ म्हणतंय? घास अडकून गुदमरण्याचा धोका या गटात खूप मोठा आहे. ज्याला चावता येत नाही त्याची पोळी वरणात कुस्करलेली हवी, केळ्याचे तुकडे केलेले हवेत, आणि भरवताना तो सरळ बसलेला हवा, आडवा नाही. वरणभाताशिवाय काही न खाणाऱ्या स्वमग्न मुलाचं काय करता, हेही विचारा. ‘दोन दिवस उपाशी राहिला की खातो सगळं’ असं हसत सांगणारे भेटतात. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली, ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं हा सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा गुन्हा आहे.

एक बारीक गोष्ट. संस्थांमध्ये पंचेचाळिशीच्या गृहस्थालाही ‘मुलं’ म्हणतात, या लेखाच्या शीर्षकातही तेच आहे. शब्द मायेचा आहे. पण त्याच्यामागोमाग रात्री आठला दिवे बंद आणि ‘आज कोणता शर्ट?’ असा प्रश्न कधीच न विचारणं येत असेल, तर तेवढी माया उपयोगाची नाही.

रात्री जागं कोण असतं?

‘रात्री दोन मावश्या असतात’ हे उत्तर अपुरं आहे. त्या जाग्या असतात का? दिवसभर स्वयंपाक करून तिथेच गादी टाकून झोपलेली बाई म्हणजे रात्रपाळी नव्हे. प्रत्येक मजल्यावर किमान एक जागा माणूस हवा, आणि फिट येणारे रहिवासी असतील तर त्याला ऐकू जाईल इतक्या अंतरावर. दिवसाचा हिशेब असा धरा : स्वतःचं बरंचसं करणाऱ्या पाच-सहा जणांमागे एक माणूस, भरवणं, स्वच्छ करणं किंवा सतत नजर लागणाऱ्या दोन-तीन जणांमागे एक. संस्थेच्या आकड्यात माळी, ड्रायव्हर आणि ऑफिसातल्या बाई मोजल्या आहेत का ते बघा. बहुधा मोजलेल्या असतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न : इथल्या सर्वांत जुन्या मावशी किती वर्षं आहेत, आणि गेल्या वर्षात किती जणी सोडून गेल्या? न बोलणाऱ्या माणसाचं दुखणं त्याला तीन वर्षं ओळखणारी बाई पकडते. दर चार महिन्यांनी बदलणाऱ्या माणसांना ते दिसत नाही, मग कितीही प्रशिक्षणं झालेली असोत.

औषधं : इथे वेळ द्या

प्रत्येकाच्या नावाचा औषधांचा तक्ता असायला हवा : औषध, मात्रा, वेळ आणि दिल्यावर लगेच केलेली सही. तक्ता मागा आणि घड्याळ बघा. दुपारचे बारा वाजलेत आणि रात्री नऊच्या रकान्यात सही आधीच आहे, असं दिसलं तर सगळा तक्ताच खोटा धरा. गोळ्या नावाच्या डब्यात, कुलपात, आणि मूळ पट्टीसह हव्यात. एका वाटीत सगळ्यांच्या गोळ्या काढून वाटत नेण्याची पद्धत घोटाळ्याला आमंत्रण आहे.

आता कठीण भाग. माणसं कमी असली की शांत करणारी औषधं वाढतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ मध्ये अंदाज मांडला, की तिथे बौद्धिक अक्षमता असलेल्या ३० ते ३५ हजार प्रौढ व्यक्ती योग्य निदानाविना रोज मनावर काम करणारी औषधं घेत आहेत. आपल्याकडचा असा आकडा हाताशी नाही, पण दुपारी तीन वाजता निम्मा हॉल पेंगताना दिसला तर मोजायची गरजही नसते. रिस्पेरिडोनसारखी औषधं स्वमग्नता बरी करत नाहीत; तीव्र चिडचिड, स्वतःला मारून घेणं यासाठी ती ठरावीक काळ दिली जातात. वजन आणि रक्तातली साखर वाढते, हात थरथरतात, लाळ गळते, पाळी अनियमित होते. म्हणून प्रत्येक अशा औषधामागे तीन प्रश्न विचारा. कशासाठी सुरू केलं? त्याचा उपयोग होतोय हे कशावरून? पुढचा आढावा कधी? सहा महिन्यांच्या पुढची तारीख मान्य करू नका. आणि सुरू असलेलं औषध घरी नेऊन एकदम बंद तर मुळीच करू नका; कमी करायचं ते मानसोपचारतज्ज्ञाकडून, टप्प्याटप्प्याने.

फिट आल्यावर काय करता, हे व्यवस्थापकाला न विचारता रात्रीच्या मावशींना विचारा. बरोबर उत्तर असं : घड्याळ बघते, कुशीवर वळवते, डोक्याखाली मऊ काही ठेवते, आसपासचं टणक सामान सरकवते, तोंडात काही घालत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा देते आणि गाडी बोलावते. कांदा, चप्पल किंवा दातांमध्ये चमचा हे उत्तर आलं तर प्रशिक्षण झालेलं नाही. फवारा कुठे आहे तेही दाखवायला सांगा. तो ऑफिसच्या कपाटात, आणि किल्ली घरी गेलेल्या बाईंच्या पर्समध्ये, असं निघू शकतं.

‘अंगावर येतो’ म्हणजे काय

डोकं आपटणं, चावणं, कपडे काढणं याला संस्थेत ‘बिहेविअर’ म्हणतात आणि त्यावर औषध मागतात. आधी शरीर तपासायचं असतं. दात, कान, मूळव्याध, लघवीचा जंतुसंसर्ग, आणि सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे बद्धकोष्ठ. पाणी कमी, हालचाल कमी, त्यात औषधं. चार-चार दिवस शौचाला न झालेला माणूस, बोलता येत नसेल तर, भिंतीवर डोकं आपटतो. चांगल्या संस्थेत शौचाची नोंदवही असते आणि तिसऱ्या कोऱ्या दिवशी कुणीतरी हालचाल करतं. दर महिन्याला वजनही हवं. वजन सलग उतरत असेल तर खाणं, दात किंवा मन यांपैकी काहीतरी बिघडलंय. डाउन सिंड्रोम असेल तर दरवर्षी थायरॉइडची तपासणी हवी. आणि चाळिशीनंतर विसरणं, रस्ता चुकणं, जिना उतरायला घाबरणं सुरू झालं तर ‘हट्टी झालाय’ म्हणण्याआधी स्मृतिभ्रंशाचा विचार व्हायला हवा. या व्यक्तींमध्ये तो लवकर येतो.

शरीर ठीक असेल तर मग वही : आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. दोन आठवड्यांच्या अशा नोंदींतून बहुतेक वेळा कारण निघतं. कुकरची शिट्टी, बदललेली बसायची जागा, शेजाऱ्याचं सतत गुणगुणणं. उपायही तेवढाच साधा असतो. स्वमग्न व्यक्तीसाठी भिंतीवर दिवसाचा चित्रतक्ता आणि गोंगाटातून उठून जायला एक शांत कोपरा असावा. त्या कोपऱ्याला बाहेरून कडी मात्र नसावी. कडी असली की तो कोपरा उरत नाही, कोठडी होते. बांधून ठेवण्याबद्दल सरळ विचारा : कधी, कुणाच्या परवानगीने, किती वेळ, आणि नोंद कुठे? ‘आमच्याकडे असं कधी होतच नाही’ यापेक्षा ‘गेल्या वर्षी दोनदा धरावं लागलं, ही नोंद’ हे उत्तर जास्त विश्वासाचं.

मुलगी असेल तर

१९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, आणि कारण दिलं गेलं ते पाळीच्या स्वच्छतेचं. आजही एखादी संस्था प्रवेशाआधी ‘ते ऑपरेशन करून आणा’ असं हळूच सुचवते. अशा संस्थेत मुलगी ठेवू नका. तिथे पॅड बदलायला माणूस नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. तो लपतो फक्त. तुम्ही विचारायचं ते हे : आंघोळ आणि कपडे फक्त बायकाच करतात का, रात्री पुरुष कर्मचारी बायकांच्या मजल्यावर येऊ शकतो का, दवाखान्यात नेताना सोबत बाई असते का, पाळीच्या तारखा कुठे लिहितात. मुलग्यांच्या बाबतीतही अत्याचार होतात, तेव्हा आंघोळीला एकटा एकच माणूस किती वेळ असतो, हा प्रश्न दोन्हीकडे विचारा.

पैसे आणि पालकत्व

मूल १८ चं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. तुमच्यानंतर पालक कोण, हेही जिवंतपणी ठरवा. तो संस्थाचालकच असू नये. सांभाळणारा आणि सांभाळाचा हिशेब तपासणारा एकच झाला की तपासणी संपली. आईवडिलांपैकी कुणी सरकारी निवृत्तिवेतन घेत असेल तर अपत्याचं नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आताच कार्यालयात नोंदवा. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड आणि राष्ट्रीय न्यासाची एक लाखापर्यंतची ‘निरामय’ विमा योजना, ही दोन्ही प्रवेशाआधी पदरात पाडून घ्या.

करारात बघायचं मुख्य कलम ठेवीचं. काही संस्था मोठी रक्कम एकदाच घेऊन ‘आजीव सांभाळ’ लिहून देतात. त्या कागदावर हे नसेल तर सही करू नका : मूल सहा महिन्यांत परत न्यावं लागलं तर किती परत, पाच वर्षांनी किती, संस्था बंद पडली तर काय, आणि ‘सांभाळता येत नाही’ म्हणून काढायचं तर किती दिवसांची लेखी सूचना. डायपर, दवाखाना, रुग्णालयात सोबत राहणाऱ्या माणसाचा रोज, हे फीमध्ये आहे की वेगळं, तेही लिहून घ्या. ठेवीला ‘देणगी’ म्हणून पावती मिळाली की ती परत मागता येत नाही, हे पुष्कळांना नंतर कळतं.

सोडताना

एकदम नेऊन सोडू नका. आधी दिवसभर, मग दोन रात्री, मग आठवडा, मग महिना. घरचं पांघरूण, ताट आणि उशी सोबत द्या, नवं काही घेऊ नका. आणि एका पानावर, मोठ्या अक्षरात, मावशींना वाचता येईल असं लिहून द्या :

– कोणत्या हाकेला ‘ओ’ देतो. शी-शू लागली हे कसं सांगतो (शब्द, खूण किंवा नुसतं उभं राहणं)
– दुखत असलं की काय करतो
– कशाला घाबरतो : ढोल, कुत्रं, केस कापणं
– काय खात नाही, आणि कशाने घसा अडकतो
– फिट कशी दिसते, किती वेळ चालते. कशाची ॲलर्जी आहे
– झोप येत नसेल तर घरी काय करत होतो

हे पान पलंगापाशी लावा आणि एक प्रत फाइलीत. रुग्णालयात न्यायची वेळ आली तर हेच पान आधी बरोबर जायला हवं.

‘पहिला महिना भेटायला येऊ नका, रुळू द्या’ असं सांगितलं जातं. हे मानू नका. पहिल्या महिन्यात झोप बिघडते, भूक जाते, वजन एखाद-दोन किलो उतरतं, एवढं अपेक्षित आहे. पण आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी भेट हवी, कारण ज्याला ‘पुढचा महिना’ कळत नाही त्याच्यासाठी तुम्ही कायमचे गेलेले असता. कॅलेंडरवर भेटीचा दिवस रंगवून द्या.

नंतरच्या भेटी

पहिल्या वर्षानंतर भेटी विरळ होतात आणि निष्काळजीपणा तिथूनच शिरतो. महिन्यातून एकदा जा, एक खेप सोडून न कळवता. भेटीत त्याला बाहेर न्या, कपडे बदलायच्या निमित्ताने अंग बघा : दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ, माकडहाडावर लालसरपणा, नखं, हिरड्या. तुम्ही परत सोडायला गेल्यावर तो दारात कसा वागतो तेही बघा. रडणं वेगळं, एखाद्या ठरावीक माणसाला पाहून आखडणं वेगळं.

काही खटकलं तर संस्थेला तारखेसह लेखी द्या आणि पोच घ्या. आठवड्यात उत्तर नाही आलं तर जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आणि वर सांगितलेली स्थानिक स्तर समिती, तिन्हीकडे तीच तक्रार पाठवा. मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पत्रव्यवहारात दिवस घालवू नका : त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी आणि पोलीस. व्यक्तीला तातडीने तिथून हलवायचं असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि हा मार्ग आहे हे सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. वळांचे फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा.